स्टेशन तेच, गाणी भलतीच: मुंबईच्या एफएमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत एखाद्या एफएम स्टेशनाने गाण्यांचा बाज बदलला की पुढचे आठ-दहा दिवस मला तेच ते प्रश्न येत राहतात. कुणी चिडून विचारतं, कुणी काळजीने, कुणाला नुसतंच कुतूहल असतं. सगळ्यांना वेगवेगळं लिहिण्यापेक्षा उत्तरं एकदाच नीट मांडून ठेवते. प्रश्न बहुतेक तुमच्याच शब्दांत आहेत. एकाच मुद्द्याशी दोन-तीन प्रश्न जोडलेले असतील तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. "फॉरमॅट बदलला" म्हणजे नक्की काय बदललं?

फॉरमॅट म्हणजे स्टेशनाने श्रोत्याला दिलेला शब्द. इथे कधीही लावा, तुम्हाला अमुकच मिळेल: नवी हिंदी गाणी, सत्तर-ऐंशीच्या दशकातली गाणी, प्रेमगीतं किंवा इंग्रजी. हा शब्द पाळण्यासाठी स्टेशनाकडे दोन गोष्टी असतात. एक गाण्यांची निवडक यादी आणि दुसरं तासाचं "क्लॉक". कितव्या मिनिटाला गाणं, कितव्या मिनिटाला जाहिराती, आरजेची, म्हणजे निवेदकाची, लिंक (गाण्यांच्या मधलं बोलणं) कधी, जिंगल (स्टेशनाच्या नावाची छोटी धून) कुठे, हे सगळं त्या घड्याळावर आधीच आखलेलं असतं. गाण्यांची यादी आणि घड्याळ दोन्ही बदलली की फॉरमॅट बदलला. सकाळचा आरजे दुसरीकडे गेला किंवा घोषवाक्य नवं आलं, एवढ्याने फॉरमॅट बदलत नाही.

२. रात्री झोपताना एक स्टेशन होतं, सकाळी दुसरंच. आधी सांगत का नाहीत?

सांगितलं तर तोटा होतो म्हणून. बातमी फुटली की प्रतिस्पर्धी स्टेशन तोच बाज आधी उचलू शकतं, जाहिरातदार पुढच्या महिन्याचे स्पॉट रोखून धरतात आणि चांगले आरजे दुसरीकडे बोलणी सुरू करतात. म्हणून निर्णय चार-पाच जणांतच ठेवला जातो. आरजेला बऱ्याचदा शेवटच्या दिवशी कळतं. त्याला निरोपाची लिंकही मिळत नाही, कारण भावनेच्या भरात माइकवर कोण काय बोलेल याची मालकांना धास्ती असते.

मला ही पद्धत पटत नाही. डोंबिवलीच्या आमच्या घरात ओट्याच्या वर फळीवर एक ट्रान्झिस्टर होता. आईला बारीक आकडे दिसत नसत, म्हणून तिने डायलच्या काचेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. काटा ठिपक्यावर आणला की तिचं स्टेशन लागायचं. ते स्टेशन बदललं त्या सकाळी ती कणिक मळता मळता थांबली, पिठाच्या हाताने काटा थोडा अलीकडे, थोडा पलीकडे सरकवून बघितला आणि मला म्हणाली, "अगं, हा बिघडला वाटतं." रेडिओ बिघडलेला नाही हे तिला समजावून सांगायला मला दोन दिवस लागले. आदल्या संध्याकाळी कुणी दोन वाक्यं बोललं असतं, तर तिला स्वतःच्या कानांवर शंका घ्यावी लागली नसती.

३. हा निर्णय घेतो कोण? आरजेला विचारतात का?

आरजेला क्वचितच विचारतात. निर्णय मालक, विक्री विभाग आणि प्रोग्रॅमिंग प्रमुख मिळून घेतात आणि त्यात सर्वांत जड पारडं विक्रीचं असतं. एफएमवरची जाहिरात दहा-दहा सेकंदांच्या हिशेबाने विकली जाते. त्या दहा सेकंदांचा दर पडू लागला की आधी आरजे बदलून पाहतात, मग गाणी आणि शेवटी नाव. नाव बदललं की समजावं, आधीचे दोन उपाय करून झालेले आहेत.

४. मुंबईत आजवर कोणकोणत्या स्टेशनांनी बाज बदलला?

मुंबईत खाजगी एफएम २००२ मध्ये सुरू झालं. देशातलं पहिलं खाजगी स्टेशन त्याआधी, जुलै २००१ मध्ये, बंगळूरला सुरू झालं होतं. आपल्याकडे पहिल्या खेपेला आलेली स्टेशनं होती ९८.३ मिर्ची, सिटी (आता ९१.१ वर), ९३.५ रेड, ९२.५ गो आणि ९४.६ विन. त्यातलं विन फार टिकलं नाही.

यातल्या "गो"ची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. मिड-डे समूहाचं हे स्टेशन इंग्रजी गाण्यांकडे झुकलेलं होतं. कुलाबा-वांद्र्याच्या गाड्यांमधून ऐकलं जाईल, असं. पण तेव्हाच्या सरकारी धोरणात परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत होतं. हिशेब करून पाहा, पाच वर्षांत रक्कम दुप्पट होते, आणि कमाई वाढो न वाढो, ती भरावीच लागते. अशा ओझ्याखाली थोडक्या श्रोत्यांचं स्टेशन चालवणं कठीण होतं. गो जाऊन त्याच्या जागी रेडिओ वन आलं आणि हिंदी गाणी वाजू लागली. पुढे धोरण बदललं. २००५ मध्ये खाजगी एफएमच्या धोरणाचा दुसरा टप्पा आला आणि ठरीव वाढत्या रकमेऐवजी ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के असा हिशेब सुरू झाला. शहरात स्टेशनं वाढली, हिंदी नव्या गाण्यांच्या बाजारात गर्दी झाली आणि काही वर्षांनी याच रेडिओ वनने मुंबईत पुन्हा इंग्रजीची वाट धरली. इंग्रजीतून हिंदीत आणि हिंदीतून परत इंग्रजीत! या काळात मुंबईकरांची आवड दोनदा पालटली, असं कुणी म्हणेल तर मी मानणार नाही. शुल्काचा हिशेब पालटला आणि शेजारी पालटले.

दुसरं उदाहरण १०४.८ चं. २००७ मध्ये ते "म्याऊ" नावाने आलं. खास बायकांसाठी, आणि गाण्यांपेक्षा गप्पांवर भर. दुपारी तिथे फोनवर बायका घरातलं, मनातलं बोलायच्या. ते "ओये" झालं तेव्हा गप्पा आटल्या आणि गाणी वाढली. पुढे "इश्क" झालं तेव्हा प्रेमगीतांचं स्टेशन बनलं. एकाच फ्रिक्वेन्सीवर तीन अवतार. यातला पहिला धाडसी होता, तो गेल्याची मला आजही रुखरुख आहे.

तिसरी लाट २०१६ नंतरची, जुन्या गाण्यांची: ९१.९ वर नशा, १०६.४ वर रेडट्रो. ही लाट नेमकी तेव्हाच का आली ते प्रश्न ७ मध्ये आहे.

५. ९२.५ चं स्टेशन ९४.३ वर का गेलं? तोही फॉरमॅटचाच भाग का?

नाही, तो आकड्यांचा भाग. एका शहरात दोन खाजगी स्टेशनांमध्ये ०.८ मेगाहर्ट्झचं अंतर ठेवायचं असं ठरलं. मुंबईचे आकडे क्रमाने म्हणून पाहा: ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३. प्रत्येक पायरी बरोबर ०.८ ची. या जिन्यात ९२.५ कुठेच बसत नाही. रेडिओ वनला त्यामुळे ९४.३ ची पायरी मिळाली आणि ९२.७ वर बिग हे नवं स्टेशन आलं.

६. किती लोक ऐकतात हे मोजतात कसं? मला तर आजवर कुणी विचारलं नाही.

तुम्हाला न विचारण्याचं कारण साधं आहे, फार थोड्यांना विचारतात. २००७ मध्ये "रॅम" नावाची मोजणी सुरू झाली. मुंबई, दिल्ली, बंगळूर आणि कोलकाता अशा मोजक्या शहरांपुरतीच ती होती. तीत निवडलेल्या लोकांना एक डायरी देत. कोणत्या वेळी, कुठे, कोणतं स्टेशन ऐकलं याच्या खुणा त्यांनी त्या डायरीत करायच्या.

यात मेख अशी की डायरीत कान बोलत नाहीत, आठवण बोलते. रविवारी बसून आठवड्याच्या खुणा करणाऱ्याला ज्या स्टेशनाचं नाव तोंडात बसलेलं असतं, तेच तो लिहितो. म्हणून तर दर दोन गाण्यांमागे आरजे नाव आणि आकडा घोकतात. रिक्षात, सलूनमध्ये, उसाच्या गुऱ्हाळावर कानावर पडलेला रेडिओ कुणाच्या खाती जमा होतो, हा प्रश्न तर आणखी अवघड. सबंध शहर रोज याच जागी रेडिओ ऐकतं.

अमेरिकेत न्यूयॉर्कमध्ये २००८ पासून डायरीऐवजी अंगावर बाळगायचं छोटं यंत्र आलं. कानावर पडलेलं स्टेशन ते स्वतःच ओळखतं. मोजायची पद्धत बदलल्यावर तिथे काही बाज वर गेले, काही खाली आले. ऐकणारी माणसं मात्र तीच होती.

७. दहा स्टेशनं आहेत, मग सगळीकडे तीच पंधरा गाणी का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, आणि "त्यांना अक्कल नाही" असं त्याचं उत्तर नाही. एक समजुतीचं उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत.

समजा १०० श्रोत्यांपैकी ८० जणांना नवी गाणी हवीत आणि २० जणांना जुनी. शहरात तीनच स्टेशनं आहेत. तिघांनीही नवी गाणी लावली तर प्रत्येकाच्या वाट्याला २६-२७ श्रोते येतात. त्यातल्या एकाने जुनी लावली तर त्याला २०. मग तो जुनी कशाला लावेल? चार स्टेशनं झाली तरी नव्यांत वाटा २० चा, म्हणजे बरोबरी. पाचवं आलं की नव्यांत प्रत्येकी १६ उरतात, आणि तेव्हा कुठे एखाद्याला ते २० जण दिसू लागतात. त्या २० जणांची आवड पहिल्या दिवसापासून होतीच, फक्त तिची पाळी सर्वांत शेवटी येते.

आता मालकीचा मुद्दा. दुसऱ्या टप्प्यापर्यंत एका मालकाला एका शहरात एकच फ्रिक्वेन्सी मिळत असे. तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने ही मर्यादा सैल केली आणि २०१५ च्या लिलावात मुंबईतली एकेक फ्रिक्वेन्सी शंभर कोटींहून जास्त रकमेला गेली. ज्याच्याकडे आधीच नव्या गाण्यांचं स्टेशन आहे तो दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तेच लावून स्वतःचेच श्रोते का फोडेल? तो त्या २० जणांकडे वळतो. फीवर या स्टेशनाच्या मालकांनी नशा आणलं आणि रेडच्या मालकांनी रेडट्रो, दोन्ही जुन्या गाण्यांची. "मोठ्या कंपन्या आल्या की विविधता मरते" असं आपण सहज म्हणतो. इथे घडलं ते उलट, आणि ते मान्य करायला हवं.

गाण्यांची यादी छोटी का, याचं कारण वेगळं. श्रोता स्टेशनावर थोडाच वेळ थांबतो आणि अनोळखी गाणं लागलं की बोट बटणाकडे जातं. म्हणून लोकांना गाण्याचा तुकडा ऐकवून "ओळखता का, आवडतं का, कंटाळा आलाय का" असं विचारतात आणि त्यात तरलेलीच गाणी दिवसभर फिरवत ठेवतात.

८. मुंबईतल्या खाजगी स्टेशनांवर मराठी गाणी इतकी कमी का?

प्रश्न ७ मधला हिशेबच इथेही लागू आहे, पण त्यात एक पीळ आहे. मराठी श्रोता हिंदी गाणीही आनंदाने ऐकतो. त्यामुळे हिंदी लावणाऱ्या स्टेशनाला मराठी माणूस फुकटात मिळतो, त्याच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. चेन्नईत असं चालत नाही, तिथे तमिळ गाण्यांशिवाय स्टेशन उभं राहणार नाही. आपला मोकळेपणा आपल्याच गाण्यांच्या मुळावर येतो, हे कडू आहे पण खरं आहे.

दुसरी अडचण जाहिरातीची. मुंबईतले मोठे जाहिरातदार देशभराचा विचार करून पैसे लावतात आणि मराठीचा वेगळा कप्पा त्यांच्या तक्त्यात लहान असतो. कोल्हापुरात चित्र वेगळं दिसतं. तिथे "पुढारी" समूहाचं टोमॅटो एफएम ९४.३ वर आहे आणि सराफापासून ट्रॅक्टरच्या शोरूमपर्यंतचा जाहिरातदार स्थानिक आहे. त्याला गिऱ्हाइकाशी त्याच्याच भाषेत बोलायचं असतं.

राजकीय पक्षांनी मुंबईतल्या स्टेशनांकडे मराठीसाठी वेळोवेळी आग्रह धरला. माझं मत विचाराल तर दडपणाखाली लावलेलं गाणं रात्री उशिरा वाजतं. सकाळी नऊ वाजता मराठी गाणं लागायला हवं असेल तर ते मागणारे श्रोते मोजणीत दिसायला हवेत आणि मराठीत जाहिरात देणारे दुकानदारही. कार्यक्रमात फोन कराल तेव्हा मराठीतच बोला आणि फर्माईशही मराठी गाण्याचीच करा.

भरपूर मराठी हवं असेल तर आकाशवाणीची अस्मिता वाहिनी आहेच, मध्यम लहरींवर ५५८ किलोहर्ट्झला. पण मोबाइलमधल्या एफएमवर मध्यम लहरी लागत नाहीत. आकाशवाणीच्या अ‍ॅपवर ऐका.

९. आकाशवाणीची स्टेशनंही अशी बदलतात का?

बदलतात, पण सावकाश आणि वेगळ्या कारणांनी. तिथे जाहिरात हा एकमेव हिशेब नसतो. १९५७ मध्ये सुरू झालेली विविध भारती मुंबईत १०२.८ वर लागते, एफएम गोल्ड १००.७ वर आणि रेनबो १०७.१ वर. खाजगी स्टेशनं एकामागोमाग बाज पालटत असताना ज्याला जुनं गाणं हमखास हवं तो विविध भारतीकडेच वळतो. माझी आईही शेवटी तिकडेच गेली. ठिपका खरवडून तिने नवा लावला.

१०. गाणी कंटाळवाणी झाली तर बातम्यांचा फॉरमॅट का नाही करत?

परवानगीच नाही. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. तिसऱ्या टप्प्यात आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावण्याची मुभा मिळाली. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणीकपात अशी माहिती देता येते. त्यामुळे जगातल्या इतर मोठ्या शहरांत गाण्यांचं स्टेशन चाललं नाही तर बातम्या-चर्चांकडे वळण्याचा जो रस्ता असतो, तो आपल्याकडे बंद आहे. उरतो फक्त गाण्यांचा बाज, आणि म्हणून तोच पुन्हा पुन्हा बदलला जातो.

११. जुन्या गाण्यांना रॉयल्टी कमी पडते म्हणून रेट्रो लावतात, हे खरं का?

निदान रेट्रोची लाट आली त्या काळात तरी नाही. ऑगस्ट २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डाने रॉयल्टीचा दर निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के असा ठरवला आणि तो २०२० पर्यंत चालला. उत्पन्नावर टक्केवारी असेल तर गाणं १९७२ चं की कालचं, याने फरक पडत नाही.

१२. सरकार किंवा कोर्ट स्टेशनाला बाज बदलण्यापासून रोखू शकतं का?

आपल्याकडच्या खाजगी परवान्यात "अमुक प्रकारचीच गाणी वाजवा" अशी अट नसते, त्यामुळे रोखायला आधार नाही.

अमेरिकेत हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. न्यूयॉर्कमध्ये डब्ल्यूएनसीएन हे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचं स्टेशन १९७४ मध्ये एकाएकी रॉक झालं. श्रोत्यांनी संघटना बांधली, भांडले आणि १९७५ मध्ये शास्त्रीय संगीत परत आलं. पण तत्त्वाचा वाद चालू राहिला. बाज बदलताना सरकारी आयोगाने श्रोत्यांचं हित तपासायला हवं की नाही? १९८१ मध्ये न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी आयोगाची बाजू उचलून धरली, म्हणजे बाज बाजाराने ठरवावा. १९९३ च्या डिसेंबरात ते स्टेशन पुन्हा रॉक झालं, आणि या वेळी कायमचं.

१३. श्रोत्यांनी ओरडा केला तर जुना बाज परत येतो का?

ओरड्याने एकट्याने नाही. ओरडा आणि पडलेले आकडे एकत्र आले तर येतो. न्यूयॉर्कचं डब्ल्यूसीबीएस-एफएम, आकडा १०१.१, हे १९७२ पासून जुन्या गाण्यांचं स्टेशन होतं. ३ जून २००५ ला ते कसलीही पूर्वसूचना न देता "जॅक" झालं. निवेदक नाहीत, नुसती सरमिसळ गाणी. लोक संतापले, पण मालकांना हलवलं ते घसरलेल्या श्रोतृसंख्येने. १२ जुलै २००७ ला दुपारी १ वाजून १ मिनिटाने, म्हणजे आपल्याच आकड्याच्या मुहूर्तावर, जुनी गाणी परतली.

म्हणून पत्र लिहायचंच असेल तर स्टेशनाबरोबर तिथल्या जाहिरातदारालाही लिहा.

१४. एक्स्प्रेसवेवर खंडाळ्याच्या आसपास ९४.३ वर इंग्रजी गाण्यातून एकदम दुसरंच सुरू झालं. स्टेशन बदललं का?

नाही, तुम्ही बदललात, म्हणजे तुमची जागा. एकच आकडा वेगवेगळ्या शहरांत वेगवेगळ्या स्टेशनांना दिलेला असतो. ९४.३ वर मुंबईत एक, पुण्यात दुसरं, नागपुरात माय एफएम, कोल्हापुरात टोमॅटो. शिवाय एफएमचा स्वभाव असा की एकाच आकड्यावर दोन लहरी आल्या तर रेडिओ जोरकस लहर पकडतो आणि दुसरीला पुरती दाबून टाकतो, दोन्ही मिसळून ऐकू येत नाहीत. घाटात वळणागणिक डोंगर आड येतो आणि कधी मुंबई वरचढ होते, कधी पुणे. बसच्या खिडकीशी बसून मी एकदा अमृतांजन पुलापासून लोणावळ्यापर्यंत ही अदलाबदल ऐकली आहे. एका वळणावर तर एकाच ओळीत इकडचा शब्द आणि तिकडचा सूर लागला होता.

१५. रेडिओवर बदल झाला, पण त्याच स्टेशनाच्या अ‍ॅपवर वेगळंच का वाजतंय?

हक्क वेगळे असतात म्हणून. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-ड प्रमाणे ठरलेले शुल्क भरून गाणी लावण्याची सोय प्रक्षेपणासाठी आहे. इंटरनेटवरच्या स्ट्रीमिंगला ती लागू नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. तिथे गाण्याच्या मालकाशी वेगळा करार लागतो.

१६. माझ्याकडे २००२-०३ च्या कॅसेटवर जुन्या स्टेशनचे कार्यक्रम रेकॉर्ड केलेले आहेत. टाकून देऊ का?

अजिबात नको! स्टेशनाने बाज बदलला की जुने कार्यक्रम जपून ठेवण्यात कुणाला रस उरत नाही, त्यामुळे तुमची कॅसेट कदाचित एकुलती एक प्रत असेल. आधी ती हाताने पेन्सिलीवर फिरवून पट्टी मोकळी करा, बुरशी असेल तर प्लेअरमध्ये घालू नका. प्लेअर चांगला घ्या, हेड स्पिरिटने पुसा आणि एकाच दमात कॉम्प्युटरवर उतरवा, कारण जुनी पट्टी दुसऱ्यांदा चालेलच असं नाही.

घरी ऐकायला हरकत नाही. इंटरनेटवर टाकायचं असेल तर थांबा. प्रक्षेपणावर स्टेशनाचा हक्क २५ वर्षं असतो, म्हणजे २००२ च्या कार्यक्रमांवरचा २०२७ च्या अखेरीपर्यंत, आणि त्यातल्या गाण्यांचे हक्क वेगळे आणि बरेच लांबचे. कॅसेटवर तारीख, वेळ आणि आकडा लिहून ठेवा. जाहिराती आणि आरजेच्या लिंका कापू नका. गाणी कुठेही मिळतील. दादरच्या कुठल्या दुकानात सेल होता आणि त्या दिवशी पावसाने कुठली लोकल थांबली होती, ते तुमच्या त्या कॅसेटवरच आहे.